थोरलीचा ब्रेक

थोरलीला बघायला मंडळी दहाला यायची होती, ती सव्वानऊलाच दारात हजर झाली. आक्काच्या मनात आलं, आपल्याला बघायला आलेली माणसं कधी वेळेवरसुद्धा आली नव्हती. पण या घरात थोरली म्हणजे आक्का नव्हेच. तिघा भावंडांत जन्मानं ती पहिली, वय त्रेपन्न. तरी अण्णा ‘थोरली’ म्हणायचे ते कारखान्याच्या मधोमध ठाण मांडून बसलेल्या करवतीच्या मशीनला. बिडाचं काळं धूड, वर घासूनपुसून लख्ख केलेलं टेबल, आणि टेबलाच्या फटीतून डोकं वर काढणारं गोल पातं. ते बनवणारी कंपनी बंद पडून चाळीस वर्षं झाली होती. तिच्या जोडीची मशीनं भंगारात गेली, ही मात्र अण्णांनी डोळ्यांत तेल घालून जपली. सकाळी उठले की आधी तिला तेल, मग स्वतःला चहा. अण्णा जाऊन आता महिना झाला होता, आणि मधल्या भावानं, दादानं, ती देऊन टाकायचं ठरवलं होतं.

आक्का तेव्हा वरच्या मागच्या खोलीत होती. पस्तीस वर्षं ती या कारखान्याचं पॉलिशचं काम बघत होती, हजारो पलंग तिच्या हाताखालून गेले असतील; पण समोरचा पलंग गिऱ्हाइकाचा नव्हता. पहाटे उठून तिनं त्याच्या उशाकडच्या फळीला वॉर्निशचा शेवटचा हात मारला होता.

“झकास झालाय गं,” म्हणत धाकटा भाऊ आत आला आणि त्यानं फळीवर हात टेकला.

“अरे अरे अरे! ओलंय ते!”

त्यानं चटका बसल्यासारखा हात उचलला. फळीवर दोन बोटं उमटली, एक अंगठा आणि एक करंगळी. मधली तीन उमटणार कुठून? ती सव्वीस वर्षांपूर्वी खाली थोरलीनं घेतली होती.

“राहू दे, दुपारी घासून काढते,” आक्का म्हणाली.

“बघ, ओरडलीस ना लगेच! तू अण्णांचीच लेक. आधी वस्तू, मग माणूस.” तो हसला. चेष्टाच केली होती बिचाऱ्यानं. आक्काही हसली, पण ते बोलणं तिच्या काळजात रुतलं.

सव्वीस वर्षांत धाकट्यानं या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. अण्णा गेल्यावर तो आला, आणि मग दर रविवारी यायला लागला. पार्सल ऑफिसात खिडकीवर बसायचा, एकटा राहायचा, हॉटेलात जेवायचा. गेल्या रविवारी जिन्यात बसून तो आपणहून म्हणाला होता, “आक्का, ते मशीन एकदा गेलं ना, की मी इथे येऊन राहतो. ते असताना मला इथे झोप यायची नाही.” आक्काच्या डोळ्यांत पाणीच आलं होतं. लग्न नाही, मूल नाही. ज्याला कडेवर घेऊन वाढवलं तो भाऊ म्हातारपणी शेजारच्या खोलीत राहणार, याहून जास्त तिला आता काही नको होतं. दुसऱ्या दिवशी तिनं पलंग घडवायला घेतला.

फक्त थोरली लवकर जायला हवी होती, आणि जाताना कुणी तिच्या पोटात हात घालायला नको होता.

कारण तिच्या पोटात काय आहे ते आक्काला ठाऊक होतं.

झालं होतं ते असं. खटका बंद केला तरी थोरलीचं पातं मिनिट-दीड मिनिट फिरतच राहायचं. ते थांबायची वाट बघत बसलं तर दिवसाचं काम व्हायचं कसं? म्हणून या घराची एक रीत होती. खटका बंद करायचा, हातात लाकडाचा ठोकळा घ्यायचा आणि तो फिरत्या पात्याच्या अंगाला दाबून धरायचा. लाकूड करपल्याचा वास सुटायचा, पातं कण्हत कण्हत थांबायचं. अण्णा त्याला ‘लाकूड देणं’ म्हणायचे. ज्याला लाकूड देता आलं तोच या घरचा कारागीर. प्रत्येकाचा ठोकळा वेगळा, भिंतीवर ज्याच्या त्याच्या खिळ्याला टांगलेला. लोक बघायला यायचे आणि अण्णांची छाती फुगायची. धाकटा वीस वर्षांचा असताना एका दुपारी त्याचा ठोकळा पात्याच्या दातांत सापडला आणि उडाला, आणि ठोकळ्यामागचा हात आत गेला.

दवाखान्यात, त्याच्या खाटेशेजारी उभं राहून, सगळ्यांच्या देखत अण्णा म्हणाले होते, “मशीनचा काही दोष नाही. पोरगं बेफिकीर आहे.” धाकटा शुद्धीवर होता. त्यानं ऐकलं.

महिन्याभरानं एक पार्सल आलं. अण्णा बाहेर गेले होते, सही आक्कानं केली. संध्याकाळी अण्णांनी तिच्यासमोरच ते फोडलं. मेणकागदात गुंडाळलेली, तळहाताएवढी, अर्धचंद्रासारखी एक वस्तू.

“हे काय, अण्णा?”

“ब्रेक,” अण्णा म्हणाले. एवढ्या हळू आवाजात त्यांना बोलताना तिनं कधी ऐकलं नव्हतं.

थोरलीला मुळात ब्रेक होता. पायाशी दांडी होती, ती दाबली की पातं थांबायचं. पण कंपनी बंद पडली त्या वर्षी अण्णांनी आपल्या हातानं तो काढून भंगारात टाकला. ब्रेक लावला की पातं फिरवणाऱ्या आसाला, स्पिंडलला, हिसका बसतो, स्पिंडल झिजतो, आणि आता नवा स्पिंडल कुठून आणणार? थोरली जगली पाहिजे. म्हणून ब्रेक काढला आणि पोरांच्या हातात ठोकळे दिले.

“मग बसवा की आता,” आक्का म्हणाली.

“बसवला तर तो विचारेल, ब्रेक होता तर आधी का नव्हता? दवाखान्यात सगळ्यांसमोर काय बोललो मी! आता कुठल्या तोंडानं बसवू?” अण्णांनी ब्रेक तळहातावर उलटा करून बघितला. मग म्हणाले, “बोटं तर परत येणार नाहीत ना त्याची.”

त्यांनी ते पुडकं पुन्हा गुंडाळलं, थोरलीच्या पोटातल्या कप्प्यात ठेवलं आणि वर एक फळी स्क्रूनं आवळून टाकली. “हिला मशीनच्या रंगाचं पॉलिश कर,” म्हणाले. आक्कानं केलं. असं काही बेमालूम केलं की लाकूड कुठलं आणि बीड कुठलं ते कुणाच्या बापाला कळलं नसतं. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती, लहान नव्हती. त्यानंतर दादा रोज त्याच मशीनवर लाकूड देत राहिला, आणि आक्का रोज वरच्या मजल्यावर, हातातला पॉलिशचा बोळा तसाच धरून, पातं थांबेपर्यंत श्वास रोखत राहिली. तोंडातून मात्र ब्र काढला नाही.

खालून दादाची हाक आली. “आक्का! बारक्या! या रे खाली, मंडळी आलीत!”

मंडळी म्हणजे दोघंच. एक दातांचे डॉक्टर, गोलमटोल, हात लोण्यासारखे मऊ. दुसरे निवृत्त भूमितीचे मास्तर, खिशात भिंग. जुन्या मशीनच्या वेडानं पछाडलेल्या लोकांचा एक गट होता, त्यातले हे म्होरके. एकमेकांना पत्रं लिहायची, सुटे भाग शोधून पाठवायचे, आणि कुठे जुनं मशीन निघालं की तहानभूक विसरून धावायचं. थोरलीच्या जातीची चालू मशीनं आता अकराच उरली होती, आणि अकराही डॉक्टरांना तोंडपाठ होती.

आत पाऊल टाकल्याबरोबर डॉक्टरांनी बूट काढले.

“अहो, बूट राहू द्या,” दादाची बायको, वहिनी, म्हणाली, “भुसा लागेल पायाला.”

“लागू दे हो ताई,” डॉक्टर म्हणाले. “मास्तर, टेबल बघा. एक ओरखडा नाही. चाळीस वर्षं!”

मास्तर तोवर गुडघ्यांवर बसून भिंगातून मशीनवरचा कंपनीचा नंबर वाचत होते. “तीनशे बारा! डॉक्टर, तीनशे बारा!”

“काय सांगता! मूळ पेंट?”

“मूळ पेंट!”

दोघांनी चक्क हातात हात घेऊन हलवले. वहिनी आक्काच्या कानाशी लागली, “पोर झालं तेव्हा आमच्याकडे एवढा आनंद झाला नव्हता.” वहिनी खुशीत होती. सव्वीस वर्षं दुपारचं जेवण वाढताना तिचं लक्ष पात्याच्या आवाजाकडे असायचं; मशीन आज जाणार म्हणून तिला हलकं वाटत होतं. धाकटा मात्र दाराच्या चौकटीपाशीच उभा होता, उजवा हात खिशात.

“केवढं जपलंय अण्णा मिस्त्रींनी!” डॉक्टर म्हणाले. “असा माणूस होणे नाही. पोटच्या पोरासारखं जपलंय.”

“पोटच्या पोरापेक्षा जास्त,” दारातून धाकटा म्हणाला. डॉक्टरांना वाटलं, कौतुकच चाललंय. ते जोरजोरात मान हलवायला लागले.

“आवाज ऐकवता?” मास्तरांनी विचारलं. “एकदाच. मग ट्रकवाल्याला आत बोलावू.”

दादानं खटका दाबला. थोरली घुमायला लागली. डॉक्टरांनी डोळे मिटले. मास्तर टेबलावर तळहात ठेवून उभे राहिले, थरथर अंगात मुरवत. आक्का मनात म्हणत होती, झालं, ऐकलंत ना, आता न्या. न्या लवकर.

दादानं खटका बंद केला. आणि हाताच्या सवयीनं, काही मनात न आणता, भिंतीवरचा आपला ठोकळा घेतला आणि फिरत्या पात्याला लावला.

“अहो!” डॉक्टर किंचाळले. “अहो, काय करताय! काढा हात! हात काढा!”

दादा दचकला. ठोकळा थरथरला. वहिनी पुढे धावली. दादानं कसाबसा हात मागे घेतला, आणि पातं आपल्या मर्जीनं फिरत राहिलं.

“काही नाही हो,” दादा ओशाळून म्हणाला. “आमची पद्धत आहे ही. अण्णांच्या वेळेपासूनची.”

“पद्धत? अहो, वेड लागलंय का तुम्हाला? ब्रेक दाबा ना सरळ!”

“कसला ब्रेक?”

“कसला म्हणजे? याच मशीनला तर ब्रेक! त्यासाठीच तर हिची ख्याती. खाली पायाशी...” डॉक्टर वाकले. दांडी नव्हती. दांडीच्या जागी दोन भोकं होती, त्यांत लाकडाच्या खुंट्या ठोकून वर रंग मारलेला. ते अजून खाली वाकले आणि बोटाच्या पेरानं मशीनच्या पोटावर टकटक करत गेले, जशी दाढ तपासतात तशी. टकटक, टकटक, आणि मग आवाज बदलला. “मास्तर, हे बीड नाही. हे लाकूड आहे. वा, काय पॉलिश आहे!”

“डॉक्टरसाहेब,” आक्का पुढे होऊन म्हणाली, “ट्रकवाला खोळंबलाय. काय ते तिकडे नेऊन उघडा ना.”

“दोन मिनिटं, आक्का, दोन मिनिटं,” डॉक्टर म्हणाले. वेडच ते, आता थांबतंय थोडंच? मास्तरांनी पेचकस पुढे केला. स्क्रू गंजले होते, पण निघाले. धाकटा दारातून चार पावलं पुढे आला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच तो त्या मशीनच्या एवढ्या जवळ उभा राहिला होता.

फळी निघाली. डॉक्टरांनी आत हात घातला आणि मेणकागदाचं पुडकं बाहेर काढलं.

क्षणभर त्यांचा चेहरा कोरा होता. मग तो लहान मुलासारखा उजळला. “मास्तर! अहो, हे तर माझं पार्सल! हा माझा कागद, ही माझी गाठ! मीच पाठवला होता हा ब्रेक! केवढी शोधाशोध केली होती! आणि यांनी बसवलाच नाही? नवाकोरा! अजून नवाकोरा आहे हो!”

“कधी पाठवला होतात?” धाकट्यानं विचारलं.

“फार वर्षं झाली. पण मिस्त्रींचं पत्र आठवतं मला. ‘पोरं मशीनवर काम करतात, कृपा करून लवकर पाठवा.’ तारीख सांगतो की, फाईल आहे माझी गाडीत. पोचपावतीसुद्धा जपून ठेवलीय! कोणताही भाग कधी पाठवला, कुणी घेतला, सगळं!” आणि ते बूट न घालताच गाडीकडे पळाले. मास्तरांना काय वाटलं कोण जाणे, भिंग खिशात टाकून तेही त्यांच्यामागून गेले.

घरचे चौघं उरले.

“म्हणजे याला ब्रेक होता,” धाकटा म्हणाला.

तो वाकून त्या लाकडी खुंट्यांकडे बघत राहिला.

“मी बेफिकीर होतो ना? सव्वीस वर्षं मी स्वतःला तेच सांगतोय. रोज सकाळी शर्टाची बटणं लावताना. बेफिकीर, बेफिकीर. याला ब्रेक होता.”

“बारक्या, अण्णांना नसेल सुचलं...” दादा म्हणाला.

“सुचलं नाही? पत्र लिहून मागवलाय!”

“अहो, तुम्ही बाजू काय घेताय त्यांची?” वहिनी नवऱ्यावरच उखडली. “रोज तुम्ही त्या पात्याला हात लावत होतात! रोज! आणि म्हाताऱ्यानं तो आत ठेवून फळी मारली? ‘सूनबाई, भाजीत मीठ कमी पडलंय,’ एवढं बोलायला तोंड होतं त्यांना, हे सांगायला नव्हतं?”

“गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये,” दादा पुटपुटला. पण तो हातातल्या ठोकळ्याकडे बघत होता.

“तुला माहीत होतं, दादा?” धाकट्यानं विचारलं.

“शपथेवर सांगतो, नव्हतं. माहीत असतं तर मी हात घातला असता का रे?”

ते खरं होतं, दिसतच होतं. धाकट्यानं मान हलवली. आक्काला त्यानं विचारलंच नाही. आक्काला काय विचारायचं? तिनं त्याला भरवलं होतं, त्याच्या जखमेची पट्टी बदलली होती. त्याच्या मनाला ते शिवलंसुद्धा नाही, आणि ते बघून आक्काला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

डॉक्टर धापा टाकत परत आले. फाईल उघडली. त्यांनी पत्राची तारीख वाचली आणि पोचपावतीची तारीख वाचली. धाकट्यानं मनातल्या मनात हिशेब केला.

“अपघातानंतर पाच दिवसांनी पत्र,” तो म्हणाला. “आणि महिन्यानं पार्सल पोचलं.”

“कसला अपघात?” डॉक्टरांनी विचारलं. धाकट्यानं खिशातला हात बाहेर काढला. डॉक्टरांनी तो बघितला आणि फाईल छातीशी धरून उभे राहिले. आनंद त्यांच्या तोंडावरून पार उतरला.

“मी पाठवला होता हो,” ते एवढंच म्हणाले. “सापडल्याबरोबर पाठवला होता.”

“तुमचं काही नाही, डॉक्टर.” धाकट्यानं पोचपावतीचं कार्ड हातात घेतलं. त्याचं रोजचंच काम ते, सह्या बघायचं. “कुणी घेतलं पार्सल? सही कुणाची आहे ही?”

सही म्हणजे एक गिरगोटा होता. घाईत, उंबऱ्यावर उभं राहून, पॉलिशच्या हातानं केलेला.

दादानं कार्डावर नजर टाकली. मग आक्काकडे टाकली, क्षणभरच. तिचं अक्षर तो लहानपणापासून ओळखत होता. आणि मग दादानं जन्मात पहिल्यांदा तिच्यासाठी खोटं बोलायचं ठरवलं. “अण्णांचीच,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुणाची असणार?”

धाकट्यानं कार्ड उलटंसुलटं केलं आणि परत दिलं. खांदे खाली आले त्याचे. “म्हणजे त्यांचं त्यांनाच माहीत होतं. जाऊ दे. मेलेल्या माणसाशी काय भांडायचं?” तो आक्काकडे वळला. डोळे ओले होते, पण तो हसला. “तू का रडवेली झालीस गं? घेऊन जाऊ दे यांना हे धूड. मी दुपारीच माझं सामान आणतो. पलंग वाळेल ना तोवर?”

झालं. पदरात पडलं होतं. आक्कानं फक्त ‘हो, वाळेल’ म्हणायचं होतं. दादा तिच्याकडे टक लावून बघत होता, गप्प बस, गप्प बस, असं डोळ्यांनीच सांगत होता. तिनं तोंड उघडलंही. पण तिला दिसलं, तो त्या पलंगावर झोपलाय, सकाळी उठून शर्टाची बटणं लावतोय, आणि ती दारात चहाचा कप घेऊन उभी आहे. उद्या, परवा, मरेपर्यंत. आक्का तुला काही माहीत नव्हतं ना, असं न विचारणारा तो चेहरा रोज समोर. अण्णा असेच जगले होते. थोरलीला तेल घालत, पोराच्या वाटेकडे डोळे लावून. तिला ते जमणार नव्हतं.

“सही माझी आहे,” आक्का म्हणाली.

“आक्का!” दादा ओरडला.

“माझी आहे. पार्सल मी घेतलं. अण्णांनी माझ्यासमोर फोडलं. ब्रेक आहे म्हणून सांगितलं मला. ती फळीही मीच पॉलिश केली, कुणाला कळू नये म्हणून.”

वहिनी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. “तुम्हाला माहीत होतं?” तिचा आवाज चिरकला. “माझा नवरा रोज तिथे हात घालत होता, आक्का. मी खाली जेवायचं थांबायचे आणि तुम्ही वर गप्प बसायच्या? एकाच घरात? तुमच्या ताटात मी वाढत होते हो!”

“भीती वाटली,” आक्का म्हणाली. “आधी अण्णांची. मग याची. म्हटलं, याला कळलं तर हा परत कधी यायचा नाही.”

“मी तसाही आलो नव्हतो,” धाकटा म्हणाला.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं आदळआपट केली असती, शिव्या दिल्या असत्या, तर आक्कानं पदर पसरला असता. पण तो डॉक्टरांकडे वळला आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, “हा बसवता येईल का आत्ता?”

डॉक्टरांनी मास्तरांकडे बघितलं. “येईल. दांडी नाही, पण पान्यानं दाबता येईल.”

पाव तास लागला. धाकटा अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत नट धरून एकेक पुढे करत होता, आणि डॉक्टर मान वर न करता घेत होते. मग तो उठला आणि स्वतः खटका दाबला. थोरली घुमली. पात्याचे दात दिसेनासे झाले. त्यानं खटका बंद केला.

दादाचा हात ठोकळ्यासकट आपोआप पुढे गेला. एवढ्या वर्षांची सवय, ती काय ऐकते?

“दादा, हात मागे घे,” धाकटा म्हणाला आणि पाना दाबला. “एक. दोन. तीन. चार.”

पातं थांबलं. ना करपल्याचा वास, ना कण्हणं. एकेक दात स्वच्छ दिसत होता.

“चार,” धाकटा म्हणाला.

दादा मटकन खाली बसला आणि आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघायला लागला. वहिनी त्याच्याशेजारी बसली. डॉक्टर भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते. मास्तर बाहेर जाऊन ट्रकवाल्याशी उगाचच काहीतरी बोलत राहिले.

धाकट्यानं चिंधीनं बोटं पुसली. पिशवी खांद्याला लावली आणि आक्कासमोर थांबला.

“किती वजन होतं गं त्या पार्सलचं?”

“काय?”

“वजन. मी रोज दीड-दोनशे पार्सलं तोलतो. म्हणून विचारतो.”

“हलकं होतं रे,” आक्का म्हणाली. तिला रडू आवरेना. “पाव किलोसुद्धा नसेल.”

त्यानं मान हलवली, जसं काही ते त्याला कुठे लिहून घ्यायचं होतं. “खोलीचं राहू दे, आक्का,” तो म्हणाला. दाराबाहेर पडला, ट्रकला वळसा घालून रस्त्याला लागला. आक्का त्याच्यामागे दारापर्यंत गेली. हाक मारायला तिनं श्वास घेतला, पण हाक मारून सांगायचं काय, ते तिला सुचलं नाही.

थोरली दुपारी गेली. सहा माणसं आणि दोन साखळ्या लागल्या. डॉक्टरांनी निघताना बूट घातले आणि कुणाचाही निरोप न घेता गाडीत जाऊन बसले. वहिनीनं भिंतीवरचे सगळे ठोकळे काढून चुलीत घातले. दादानं अडवलं नाही. संध्याकाळी तिनं ताटं घेतली तेव्हा तीनच घेतली, तिचं, दादाचं आणि पोराचं. आक्काचं ताट मांडणीवरच राहिलं.

आक्का वर गेली. पलंग वाळला होता. उशाच्या फळीवर अंगठा होता आणि करंगळी होती, मधली जागा गुळगुळीत, चकचकीत. दुपारी घासून काढते म्हणाली होती ती. पॉलिशपेपर हातात घेऊन ती फळीसमोर जमिनीवर बसली. खालून पात्याचा आवाज येत नव्हता, तरी ती श्वास रोखूनच बसली होती, आणि कितीतरी वेळ तिच्या ते ध्यानातच आलं नाही.